.४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरसाठी जुना दुर्बीण-माउंट: कोणता घ्यावा, कोणता टाळावा?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो आणि हंगामात रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. इथे सरळ कवचाच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर शिकारीला चालते. माझ्याकडे रुगरचे सुपर ब्लॅकहॉक आहे: .४४ मॅग्नम, साडेसात इंची नळी, १९७३ नंतरच्या ‘न्यू मॉडेल’ बनावटीचे. अलीकडे मागची खाच, पुढची माशी आणि समोरचे जनावर ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत, म्हणून दुर्बीण बसवण्याचे ठरवले आहे. दुर्बीण हाताशी आहे. ती ल्युपोल्डची एम-८ मालिकेतली, दोन पट मोठे दाखवणारी, हात लांब करून पाहायची जुनी पिस्तुलाची दुर्बीण आहे. प्रश्न फक्त माउंटचा, म्हणजे दुर्बीण शस्त्रावर धरून ठेवणाऱ्या बैठकीचा आहे.

शस्त्र त्या काळातले आहे, दुर्बीण त्याच काळातली आहे, तेव्हा माउंटही त्याच पिढीतला असावा अशी इच्छा आहे. गन शोमध्ये मला दोन प्रकार मिळत आहेत. पहिला ॲल्युमिनियमचा असून तो नळीला बाहेरून कवळी, म्हणजे आवळता येणारी पट्टी, घालून बसतो आणि त्यासाठी कुठेही भोक पाडावे लागत नाही. दुसऱ्यात शस्त्रावर बसणारा पोलादी बेस आणि दुर्बिणीला धरणाऱ्या पोलादी रिंगा आहेत, पण त्यासाठी शस्त्राला ड्रिल करून आटे पाडावे लागतील, आणि तसे केले की संग्राहकाच्या नजरेत त्याची किंमत उतरते. विक्रेत्यांना विचारावे तर प्रत्येक जण स्वतःच्या टेबलावरचाच माउंट उत्तम असल्याचे सांगतो. ज्यांनी जोरदार धक्क्याच्या रिव्हॉल्व्हरवर जुने माउंट प्रत्यक्ष वापरले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

लेथवाला

ब्रँडच्या आधी बळाचा विचार करावा असे मी सुचवतो, कारण तो केला की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

.४४ मॅग्नमची २४० ग्रेनची, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते. तिच्यामागून सुटणारा वायूही हिशेबात धरला, तर शस्त्राला मिळणारा संवेग ८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंदाच्या घरात जातो. दुर्बिणीसकट तुमच्या रिव्हॉल्व्हरचे वजन १.६ किलो धरले, तर ते जवळपास ५ मीटर प्रति सेकंद वेगाने मागे उसळते. दुर्बिणीला मात्र जागेवरच राहायचे असते. तिला ओढत मागे नेण्याचे काम माउंटचे, आणि त्यासाठी वेळ मिळतो एक ते दीड मिलिसेकंद. २०० ग्रॅमच्या दुर्बिणीला एवढ्या वेळात ५ मीटर प्रति सेकंद वेग द्यायचा, तर सरासरी सत्तर ते शंभर किलो वजनाइतका जोर लागतो, आणि हा जोर प्रत्येक बाराला लागतो. दुर्बीण ४०० ग्रॅमची असेल तर तो दुप्पट होतो. .४५४ कॅसूलसारख्या काडतुसात, ३०० ग्रेनची गोळी १६०० फूट प्रति सेकंदाने सोडायची म्हटले, तर त्याच्याही दीडपट.

आता हा जोर कुठून कुठे जातो ते पाहा. नळीला कवळी घालणाऱ्या माउंटमध्ये तो निव्वळ घर्षणावर तोलला जातो. गुळगुळीत, ब्लूइंग (गंज रोखणारा निळसर-काळा थर) केलेल्या आणि बहुधा तेलाचा हात फिरलेल्या पोलादावर ॲल्युमिनियमचे घर्षण फारसे नसते. शंभर किलोचा जोर रोखायचा तर कवळीने नळीला पाचशे किलोहून जास्त दाबाने आवळावे लागेल. त्यातून नळी तोंडाकडे किंचित निमुळती असेल, तर माउंट प्रत्येक बाराला केसभर पुढे सरकतो, पुढे सरकला की नळी बारीक मिळते, आणि नळी बारीक मिळाली की पकड आणखी ढिली पडते. .२२ किंवा .३८च्या शस्त्रावर हे माउंट वर्षानुवर्षे हलत नाहीत, म्हणून त्यांचे नाव चांगले आहे. मात्र तो चांगुलपणा .४४वर गृहीत धरू नये.

म्हणून माझी कसोटी एकच आहे. जोर अडवायला कुठे तरी धातूवर धातू टेकलेला मेट आहे की नाही, हे आधी पाहावे. मेट असेल तर स्क्रूचे काम फक्त माउंट खाली दाबून धरण्याचे उरते. मेट नसेल तर स्क्रू आडवे कातरले जातात.

जुन्या_बाजारातला

लेथवाल्यांचे म्हणणे मान्य करून थोडा इतिहास जोडतो, कारण जुने माउंट निवडताना ते कोणत्या काडतुसाच्या जमान्यात जन्मले हे कळायला हवे.

.४४ मॅग्नम १९५५-५६च्या सुमारास आले. स्मिथ अँड वेसनने ज्या रिव्हॉल्व्हरमध्ये ते प्रथम आणले त्याला १९५७मध्ये ‘मॉडेल २९’ हे नाव मिळाले, आणि रुगरचे सुपर ब्लॅकहॉक १९५९चे. म्हणजे ही शस्त्रे घडली तेव्हा त्यांवर दुर्बीण बसेल असे कोणाच्या मनातही नव्हते. पिस्तुलाच्या दुर्बिणी साठ-सत्तरच्या दशकांत रुळू लागल्या. बुशनेलची ‘फँटम’ १.३ आणि २.५ पटींत मिळायची, मग ल्युपोल्ड आणि बरिस यांच्या आल्या. माउंट बनवणाऱ्यांनी तयार शस्त्रावर कसेबसे काही अडकवण्याचे उपाय शोधले. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या बी-स्क्वेअरचे विनाड्रिल माउंट, मागच्या खाचेचा स्क्रू काढून त्याच भोकाचा आधार घेणारे बेस, हे सगळे त्याच काळातले. हौशी माणसाला घरच्या घरी बसवता यावेत हा त्यांचा हेतू होता.

पुढे १९७६मध्ये धातूच्या सावजांवर लांबून नेम धरण्याच्या स्पर्धांची आयएचएमएसए ही संघटना उभी राहिली आणि हँडगनने शिकार करणाऱ्यांचीही संख्या वाढली, तेव्हा या माउंटची मर्यादा दिसू लागली. ओहायोतल्याच एसएसके इंडस्ट्रीजच्या जे. डी. जोन्स यांनी ‘टीएसओबी’ नावाचा लांब बेस काढला. त्यात दोनऐवजी तीन, प्रसंगी चार रिंगा असत. पाहणाऱ्याला तो अवाढव्य वाटतो, पण त्यामागचे गणित लेथवाल्यांनी वर मांडलेलेच आहे: दुर्बिणीच्या नळीला मिळणारी पकड वाढवायची आणि जोर लांब बेसवर पसरवायचा. जुन्या मालात जोरदार धक्क्यासाठीच बनवलेला माउंट हवा असेल, तर डोळे झाकून हाच शोधावा. तो देखणा नाही, हे खरे. देखणेपण हवे असेल तर टेक्सासमधल्याच सेगीन गावच्या कोनेट्रोलच्या रिंगा पाहाव्यात. त्यांवर वरून एकही स्क्रू दिसत नाही. मात्र त्या बसवायला हात सावकाश लागतो.

कारखान्यातून आलेला सर्वांत चोख तोडगा रुगरचाच आहे. १९८७च्या सुपर रेडहॉकची फ्रेम नळीच्या मुळावर पुढे लांबवलेली आहे आणि तिच्यातच चंद्रकोरीसारख्या खाचा कापलेल्या आहेत. रिंगेच्या बुडाला एक उंचवटा असतो, तो फ्रेममधल्या खळगीत बसतो आणि बाजूने एका स्क्रूने आवळला जातो. यात वेगळा बेसच नाही. या लांब फ्रेमची कथाही गमतीची आहे. १९७९च्या रेडहॉकच्या काही नळ्या आट्यांपाशी तुटल्या, म्हणून नव्या शस्त्राची फ्रेम भक्कम करण्यात आली. पुढे तुटण्याचे कारण नळी बसवताना वापरलेल्या वंगणात सापडले, तरी लांब फ्रेम तशीच राहिली आणि दुर्बीणवाल्यांचे फावले. तुमच्या सुपर ब्लॅकहॉकच्या ‘हंटर’ आवृत्तीतही नळीवरच्या पट्टीत अशाच खाचा असतात.

खटका

चर्चा माउंटवर चालली आहे, पण दुर्बीण सिंगल ॲक्शनवर बसणार आहे याकडेही लक्ष वेधतो. सुपर ब्लॅकहॉकचा घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. बेस ठेंगणा असेल आणि दुर्बिणीचे डोळ्याकडचे टोक मागे आलेले असेल, तर अंगठा घोडा आणि दुर्बीण यांच्यामध्ये अडकतो, आणि थंडीत हातमोजे घातले की घोडा हातातून निसटण्याची भीती असते. रिकाम्या शस्त्रावर, हातमोजा घालून, घोडा पूर्ण मागे येईपर्यंत अंगठ्याला मोकळी जागा मिळते का हे बेस विकत घेण्याआधी पाहावे. घोड्याला आडवे शेपूट जोडण्याची सोय मिळते आणि ती स्वस्तही आहे, परंतु दुर्बीण थोडी पुढे नेऊन काम भागत असेल तर ते जास्त चांगले. पिस्तुलाच्या दुर्बिणीला डोळ्यापासून १२ ते २४ इंच अंतर चालते, तेव्हा पुढे सरकवायला वाव असतो.

मात्र ती फार पुढेही नेऊ नये. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक बाराला तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला व वर उडतात. दुर्बिणीचा एखादा भाग नेमका त्या फटीवर खाली वाकून आला असेल, तर महिन्याभरात तिचे पोट खरवडलेले दिसते. आखूड नळीच्या शस्त्रावर दुर्बिणीचे पुढचे भिंग नळीच्या तोंडाच्या पुढे गेले, तर ते आणखी वाईट.

नवखा_नेम

या सगळ्या खटाटोपापेक्षा रेड डॉट, म्हणजे लाल ठिपका दाखवणारी नेमकाच, बसवली तर चालणार नाही का? ती हलकी असते.

खटका

चालेल, आणि वजनाच्या हिशेबाने ते शहाणपणाचेही ठरेल. परंतु धागाकर्त्यांना जुन्या पिढीचा संच हवा आहे, त्यामुळे तो विषय स्वतंत्र धाग्यात घ्यावा.

पहिलाबार

जुन्या माउंटच्या तपासणीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. गन शोच्या टेबलावर माउंट हातात घेतला की मी सर्वांत आधी स्क्रूची भोके पाहतो. दुर्बिणीच्या बेसचे जुने अमेरिकन स्क्रू बहुतेक ६-४८ या मापाचे (व्यास क्रमांक ६, इंचाला ४८ आटे) असतात. मूळ स्क्रू हरवले की मागचा मालक हार्डवेअरच्या दुकानातून ६-३२ आणतो. दोन्हींचा व्यास एकच असल्याने तो एक-दोन वेढे आत जातो, आणि मग पान्याचा जोर लावला की आटे गेलेच म्हणून समजा. भोकाच्या तोंडाशी चकाकणारा, दुमडलेला धातू दिसला तर तो माउंट तिथेच ठेवावा.

नंतर रिंगेच्या आतल्या कोपऱ्यांत, जिथे कान वळतात तिथे, बारीक तडा आहे का ते पाहावे. डोळ्यांना दिसला नाही तरी घरी आणल्यावर जुनी वर्कशॉपची युक्ती करावी: रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्यायचे, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायचे आणि वरून खडूची पूड भुरभुरायची. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. ॲल्युमिनियमच्या जुन्या कवळ्यांमध्ये अशी रेघ मी पाहिलेली आहे.

दोन्ही रिंगा एकाच उंचीच्या आहेत ना हेही पाहावे, कारण विक्रेते डब्यातल्या सुट्या रिंगांच्या जोड्या लावून विकतात. आणि दुर्बिणीच्या नळीचा व्यास मोजावा. तुमची एक इंची आहे, पण जुन्या दुर्बिणी पाऊण इंची आणि ७/८ इंचीही मिळतात आणि युरोपातल्या काही २६ मिलिमीटरच्या असतात. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. हा अर्ध्या मिलिमीटरचा फरक आवळून भागवला, की दुर्बिणीची नळी चेपते.

वीव्हर कंपनीच्या जुन्या रिंगांविषयी एक खास गोष्ट सांगतो. त्यांची वरची पट्टी एका बाजूला आकड्यासारखी अडकते आणि दोन्ही स्क्रू दुसऱ्या बाजूला असतात. त्यामुळे स्क्रू आवळताना पट्टी दुर्बिणीला स्वतःबरोबर फिरवते आणि आतली उभी रेघ कलते. आधी नीट सरळ करून आवळत बसलात तर शेवटी ती वाकडीच मिळेल. सुरुवातीलाच ती उलट दिशेला किंचित कलती ठेवावी आणि दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळावेत, म्हणजे ती सरळ होऊन थांबते.

लेथवाला

पहिलाबार यांनी वीव्हरचा विषय काढला म्हणून पुरवणी जोडतो. वीव्हर पद्धतीच्या बेसमध्ये आडवी खाच असते आणि रिंगेचा आडवा बोल्ट तिच्यात बसतो. मी म्हणतो तो मेट हाच. परंतु खाच बोल्टपेक्षा किंचित रुंद असल्यामुळे बोल्ट खाचेच्या कोणत्या भिंतीला टेकवावा हे महत्त्वाचे ठरते. शस्त्र मागे जाते आणि दुर्बीण जागेवर राहू पाहते, म्हणजे बेसच्या मानाने रिंग पुढे ढकलली जाते. म्हणून आवळताना रिंग हाताने तोंडाच्या दिशेने दाबून धरावी, जेणेकरून बोल्ट पुढच्या भिंतीला आधीच टेकलेला राहील. तो मधेच तरंगत ठेवला, तर पहिल्या काही बारांत तो स्वतःच पुढे जाऊन टेकतो आणि तोवर लावलेला नेम बिघडतो.

जुना बेस आणि नवी रिंग अशी सरमिसळही करू नये. वीव्हरच्या खाचेची रुंदी ०.१८० इंच असते, तर १९९५च्या लष्करी मानकातल्या पिकॅटिनी रेलची ०.२०६ इंच. जुनी रिंग नव्या रेलवर बसते खरी, पण खाचेत खेळत राहते. नव्या रिंगेचा जाड बोल्ट जुन्या बेसच्या खाचेत बहुधा उतरतच नाही, आणि काही जण कानस घेऊन तो उतरवतात.

जुन्या_बाजारातला

आता ड्रिल करावे की नाही. माझे मत स्पष्ट आहे: कारखान्यातून आल्याप्रमाणे, डब्यासह आणि ब्लूइंग शाबूत असलेले जुने शस्त्र भोके पाडण्यासाठी नसते. ज्याला दुर्बीण हवी आहे त्याने दुसरे शस्त्र घ्यावे.

पहिलाबार

मी याच्याशी पूर्ण सहमत नाही. न्यू मॉडेलचे सुपर ब्लॅकहॉक दुर्मिळ नाही. ज्याची ब्लूइंग शिकारीत आधीच झिजलेली आहे, मूठ बदललेली आहे आणि जे दर हंगामात पावसात भिजते, त्याची संग्राहकाकडची किंमत कधीच उतरून गेलेली असते. अशा शस्त्राला चांगल्या गनस्मिथकडून भोके पाडून घेणे, हे घसरणाऱ्या कवळीने त्याच नळीवर ओरखडे पाडून घेण्यापेक्षा खचितच बरे. मूळ मॉडेल २९ असेल तर मात्र मीही हात लावणार नाही. स्मिथ अँड वेसनने १९९०च्या दशकात कारखान्यातूनच वरची पट्टी ड्रिल करून द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या घराण्यातले शस्त्र हवे असेल तर नंतरचे घ्यावे.

लेथवाला

ड्रिल करायचेच ठरले तर दोन सूचना. भोके ६-४८ऐवजी ८-४०ची करून घ्यावीत. व्यास ०.१३८वरून ०.१६४ इंच होतो, म्हणजे कातरले जाणारे क्षेत्रफळ चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढते. दुसरे म्हणजे, भोके आरपार नसतात, म्हणून स्क्रूची लांबी मोजावी. लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो, आणि बेस मात्र खाली दाबलेलाच नसतो. बेस न ठेवता स्क्रू नुसता भोकात फिरवून किती वेढे जातो ते पाहावे, मग बेससकट फिरवावा. दोन्ही वेळा वेढे सारखेच भरले, तर स्क्रूचे टोक घासावे.

सगळे बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून बेसवर जाणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढावी, आणि रिंगेच्या पुढच्या कडेला लागून दुर्बिणीवर चिकटपट्टीचा तुकडा लावावा. बार काढून झाल्यावर रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू फिरला आहे. पट्टी आणि रिंग यांच्यात फट दिसली तर दुर्बीण रिंगांतून घसरली आहे. दोन्ही जागच्या जागी असून गोळ्या विखुरत असतील, तर माउंटला दोष न देता दुर्बिणीच्या आतली यंत्रणा तपासावी. जुन्या दुर्बिणींच्या आतल्या स्प्रिंगा जोरदार धक्क्याने थकतात.

भुसावळचा_वाचक

मी भारतातून वाचतो आहे. आमच्याकडे नागरी परवान्यावर कानपूरच्या कारखान्यातले .३२चे रिव्हॉल्व्हर मिळते आणि शिकारीला वन्यजीव संरक्षणाच्या १९७२च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा हा प्रश्न इथे उद्भवत नाही. तरी पुढच्या भेटीत कोणी एखादी जुनी दुर्बीण संग्रहासाठी आणू शकेल का?

डोंगरवाट

कृपया तसे कोणाला सांगू नये. शस्त्रांवर बसणाऱ्या दुर्बिणी अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणाखाली येतात, आणि सामानात ठेवून आणणारा माणूस विनाकारण अडचणीत येईल.

सर्वांचे मनापासून आभार. माझे शस्त्र पहिलाबार म्हणतात त्या प्रकारात मोडते, म्हणजे ते झिजलेले आहे आणि मूठ बदललेली आहे, त्यामुळे कवळीचा माउंट रद्द करून पोलादी बेस ८-४०च्या स्क्रूंनी गनस्मिथकडून बसवून घेणार आहे. मधली जागा पुरली तर तिसरी रिंगही घालीन. मात्र जो बेस मी पाहिला त्यात मागच्या मालकाचा एक स्क्रू अडकलेला आहे आणि त्याच्या कडेला लाल रंगाचा सुकलेला गोंद दिसतो. विक्रेता त्यामुळेच किंमत कमी करायला तयार आहे. तो स्क्रू निघेल का?

लेथवाला

निघेल. तो लाल थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद आहे आणि तो थंड असताना ऐकत नाही. सोल्डरिंग आयर्न पूर्ण तापवून त्याचे टोक स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर दाबून धरावे, आणि गरम असतानाच, खाचेत अगदी चपखल बसणाऱ्या पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग उलट फिरवावे. ज्योत वापरू नये, तिने बेसचे ब्लूइंग जाते. स्क्रू निघाल्यावर भोकातला जुना गोंद हाताने साफ करावा, ॲसिटोनने तेल काढावे, आणि नवे स्क्रू बसवताना लाल न वापरता निळा लावावा.